मदत हवी आहे: पोर्च पंधरा फुटी, बजेट अठरा लाख, कोणती मिडसाइज एसयूव्ही?

कळंबेकर:

नमस्कार मंडळी. गेले दोन महिने रोज रात्री जेवणं आटोपली की गाड्यांचे व्हिडिओ बघतोय. मुलगी आता मोबाइलकडे न बघता नुसत्या आवाजावरून सांगते, "बाबा, हा कालचाच काका." तरी डोक्यातला गुंता सुटेना, म्हणून धागा काढतोय.

सध्या २०१३ ची स्विफ्ट डिझेल आहे, १ लाख ६० हजार किमी झालेली. तक्रार काही नाही. पण आईच्या दोन्ही गुडघ्यांचं दुखणं वाढलंय, खाली वाकून बसायचं म्हणजे तिला शिक्षा. उतरताना दार, माझा हात आणि देवाचं नाव, तिन्ही धरावं लागतं. म्हणून उंच गाडी.

वापर असा: रोज कोल्हापुरात कळंबा ते गोकुळ शिरगाव एमआयडीसी जाऊन-येऊन वीसेक किमी. दोन महिन्यांतून एकदा पुणं. सातारा-कागल सहापदरीकरणाच्या डायव्हर्जनमुळे त्या रस्त्याची मजा तुम्हाला माहीतच आहे. आणि बायकोचं माहेर कणकवलीजवळ, म्हणजे गगनबावडा, करूळ घाट, वैभववाडी. वर्षाला साधारण १२ हजार किमी. कोकणातून परत येताना डिकीत काय काय असतं ते कोकणात सासरवाडी असणाऱ्यांनाच कळेल. फणस हे त्यातलं सगळ्यात लहान सामान.

मुख्य अडचण पोर्चची. घर बांधताना गवंड्याला सांगितलं होतं, स्विफ्ट बसली की झालं. भिंतीपासून फाटकापर्यंत बरोबर १५ फूट, म्हणजे ४५७२ मिमी. हॅरियर ४६०५. म्हणजे सव्वा इंचासाठी फाटक उघडं ठेवून झोपायचं. स्कॉर्पिओ-एन ४६६२, एक्सयूव्ही ७०० तर ४६९५. आबांना मनापासून पांढरी स्कॉर्पिओ पाहिजे ("गाडी कशी, समोरनं आली की माणसानं बाजूला झालं पाहिजे"), पण त्यांना टेप लावून दाखवली तेव्हापासून ते माझ्याशी गाडीबद्दल बोलत नाहीत.

तर उरलेल्या:

क्रेटा डिझेल. ४३३० मिमी, ताकद ११६ पीएस, टॉर्क म्हणजे खेच २५० एनएम. स्विफ्टच्या डिझेलची सवय असल्याने घाटात हाच खेच हवासा वाटतो. टेस्ट ड्राइव्हला फार आवडली. सेल्टॉसला इंजिन तेच, त्यामुळे वेगळी धरली नाही.

हायरायडर किंवा ग्रँड विटारा, स्ट्राँग हायब्रिड. कंपनीचा दावा लिटरला २७.९७ किमीचा, मी २० धरलाय. पण बॅटरी मागे असल्याने डिकी २६५ लिटरची. फणस आला की नारळ बाहेर.

एलिव्हेट. फक्त पेट्रोल, १२१ पीएस, टॉर्क १४५ च. ग्राउंड क्लिअरन्स २२० मिमी, डिकी ४५८ लिटर. दिसायला सरळसोट, मला बरी वाटते, बायकोला "बँकेच्या मॅनेजरची गाडी" वाटते.

कुशाक आणि टायगुन. २०२२ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या क्रॅश टेस्टमध्ये नव्या नियमांत पाच तारे, चालवायला मस्त. पण मागे आई, आबा आणि मध्ये कुणीतरी बसल्यावर खांदे अडकले.

हिशोब मांडला तो असा. पेट्रोल १०४ आणि डिझेल ९१ रुपये धरले. साध्या पेट्रोलचा १३ चा ॲव्हरेज धरला तर वर्षाला ९६ हजार, डिझेल १७ ने ६४ हजार, हायब्रिड २० ने ६२ हजार. म्हणजे डिझेलमध्ये वर्षाला ३२ हजार वाचतात. पण कोटेशनात डिझेल दीड लाखाने जास्त, शिवाय आपल्याकडे दहा ते वीस लाखांच्या गाडीला रोड टॅक्स पेट्रोलला १२ टक्के आणि डिझेलला १४. पाच वर्षं गेली की मग फायदा सुरू. चार मीटरच्या वरच्या गाड्यांना २२ सप्टेंबर २०२५ पासून सेस जाऊन सरळ ४० टक्के जीएसटी झाला, त्यामुळे आधीपेक्षा बरं आहे एवढंच.

दुसरी भीती पाण्याची. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ३९ फूट, म्हणजे इशारा पातळीला आलं की आमच्याकडे घरोघरी एकच विषय. ४३ ला धोका पातळी. २०१९ ला शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं तेव्हा मी पुण्यात अडकलो होतो. ग्राउंड क्लिअरन्स जास्त असलेली घेतली तर फरक पडेल का?

ऑन रोड १८ च्या आत. कृपया अनुभवाचं सांगा.

घाटमाथा:

क्रेटा डिझेल घ्या आणि विषय संपवा. करूळ चढताना पाच माणसं, एसी चालू, तिसऱ्या गिअरवर निघते. हायब्रिडचं सांगतो, मेहुण्याकडे आहे. शहरात बॅटरीवर सरकते, आवाज नाही, काही नाही. घाट उतरतानाही बॅटरी भरते, छान. पण लांब चढाला बॅटरी दमली की ते तीन सिलिंडरचं इंजिन एकटं ओरडतं. गाडी चढते, पण कानाला त्रास. तुमचं गावातलं चालणं जास्त असतं तर हायब्रिडच म्हणालो असतो.

उद्यमनगरी:

भावा, मी गॅरेजवाला हाय, डिझेलवर माझं पोट हाय, तरी सांगतो. रोज दहा किमी जायचं, दहा यायचं, त्यात गाडी धड गरम होत नाही. आताच्या डिझेलला सायलेन्सरच्या लायनीत डीपीएफ असतो, त्यात काजळी साठत्या. ती जाळायला गाडी एका दमात वीसेक मिनिटं हायवेला पळवायला लागत्या. आठवड्यातनं एकदा कागलपर्यंत मारून येणार असशील तर घे. नाहीतर डॅशवर पिवळा दिवा लागला की लोक दुर्लक्ष करतात आणि मग माझ्याकडं येतात. तुझी स्विफ्ट जुन्या जमान्यातली, तिला हे काही नव्हतं. त्या सवयीनं नवीन डिझेल घेऊ नको.

पाण्याचं: ग्राउंड क्लिअरन्स म्हणजे पोटाखालची जागा. १९० आणि २२० मध्ये सव्वा इंचाचा फरक. इंजिन हवा कुठनं ओढतंय ते बघ, बॉनेट उघडून एअर इनटेकचं तोंड किती उंचावर हाय ते शोरूममध्येच विचार. पाणी त्याच्या तोंडाला लागलं की कुठलीबी गाडी सारखीच.

कुंभारगल्ली:

वरच्या दादांच्या बोलण्याला जोडून. २०१९ ला आमची गाडी शाहूपुरीत पाण्यात होती. पाणी उतरल्यावर मी शहाणपणा करून चावी फिरवली. सिलिंडरमध्ये पाणी होतं, कनेक्टिंग रॉड वाकला. विमा कंपनीने आतल्या सफाईचे पैसे दिले, इंजिनाचे नाही, कारण "चालू केल्याने झालेलं नुकसान". इंजिन प्रोटेक्ट नावाचं ॲड-ऑन मी घेतलं नव्हतं. गाडी कुठलीही घ्या, कोल्हापुरात ते घ्याच. आणि बुडालेली गाडी चालू न करता टोइंग करून न्या, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

वाडीची:

एक विचारू? रागावू नका. धाग्यात मी मोजलं. आई, आबा, तुम्ही, वहिनी, मुलगी. "आवाजावरून गाडी ओळखणारी" ती एक. अजून कुणी आहे का घरात?

कळंबेकर:

मुलगा आहे, सहा वर्षांचा. मुलगी अकराची.

वाडीची:

म्हणजे सहा जण. आणि तुम्ही यादी केली ती सगळी पाच सीटची. मिलिमीटरपर्यंत पोर्च मोजला, माणसं मोजायची राहिली.

मांडीवर बसतो म्हणू नका. पुढे आईच्या मांडीवर मूल आणि समोर एअरबॅग, हे जोतिबाला जाण्यापुरतं असलं तरी नको. आणि तीन वर्षांनी मुलगी चौदाची होईल, ती मागे चौघांत कोंबून घेणार नाही. आमच्याकडे हाच प्रकार झाला. हौसेने एसयूव्ही घेतली, नरसोबाच्या वाडीला जाताना प्रत्येक वेळी सासरे म्हणतात, "तुम्ही जावा, मी राहतो." त्यांचं राहणं मला टोचतं.

सात सीटची एर्टिगा आता ४४३५ मिमी आहे. क्रेटापेक्षा चार इंच लांब फक्त. तुमच्या पोर्चमध्ये बसेल आणि फाटकही लागेल. कॅरेन्स चांगली, पण ४५४०. तुमच्या इथं सव्वा इंच उरेल, म्हणजे नाहीच.

तांबडापांढरा:

एर्टिगा सुचवताना हेही सांगा की २०२४ मध्ये ग्लोबल एनकॅपने तिला एकच तारा दिला. नंतर सहा एअरबॅग सगळ्या मॉडेलना आल्या हे खरं, पण तारा तो तारा. एसयूव्हीवालेही फार शहाणे नाहीत म्हणा, २०२२ मध्ये तेव्हाच्या क्रेटाला तीन होते. आणि तिन्ही रांगा उभ्या असताना एर्टिगाची डिकी २०९ लिटर. फणसाचं काय करणार?

माझं मत वेगळं आहे. वर्षातनं सहाही जण एकत्र किती वेळा जाता ते मोजा. आमच्याकडे मोजलं तर आठ निघाले. त्या आठ वेळा इनोव्हा भाड्याने आणतो, ड्रायव्हरसकट. बाकीचे ३५७ दिवस आवडीची गाडी.

उद्यमनगरी:

आणि स्विफ्ट विकू नको. एक्सचेंजला तिचं काय देणारेत? तीच एमआयडीसीला ने, माझ्याकडं सर्व्हिसला आण. 😄

कळंबेकर:

उत्तर द्यायला आठवडा लागला, माफ करा. वाडीच्या ताईंची पोस्ट वाचून दोन दिवस काही लिहावंसंच वाटलं नाही. खरं सांगायचं तर मला माहीत होतं. मुलगा लहान आहे, चालतंय, असं मी स्वतःलाच समजावत होतो, कारण मला एसयूव्ही पाहिजे होती. आईचे गुडघे हे कारण खरं, पण पूर्ण नाही.

बायकोने कॅलेंडर काढलं. मागच्या वर्षी सहाही जण एका गाडीत एकोणीस वेळा. त्यात माहेरच्या चार फेऱ्या, जोतिबा, वाडी, लग्नं, आबांच्या भावाकडे राधानगरीला. भाड्याच्या हिशोबाला एकोणीस जास्त होतात, त्यामुळे तांबडापांढरा यांचा मार्ग आमच्याकडे अर्धाच चालेल.

रविवारी आई-आबांना घेऊन तीन शोरूम फिरलो. हे आधीच करायला पाहिजे होतं. क्रेटात आईने आधी पाय आत टाकायचा की आधी बसायचं, हे ठरवण्यातच वेळ गेला. सीट उंच, पण उंबरठाही उंच, आणि साडीत तो ओलांडताना गुडघा मुडपतोच. एलिव्हेटमध्ये त्यामानाने पटकन बसली. एर्टिगात मागच्या दाराशी उभी राहिली, वळली आणि खुर्चीवर बसावं तशी बसली. "ही बरी हाय," एवढंच. मी जिला उंच गाडी म्हणत होतो ती आईला उंच नको होती, कमरेएवढी पाहिजे होती.

आबा एर्टिगाच्या भोवती एक चक्कर मारून म्हणाले, "ही वडापला लावायची गाडी." म्हणजे सीटवर पैसे घेऊन माणसं भरायची. तेही सेल्समनसमोर. मुलं मात्र तिसऱ्या रांगेत जाऊन बसली ती उतरायलाच तयार नाहीत.

टेस्ट ड्राइव्हचा एक अनुभव: एका शोरूमने हायवेवर दोन किलोमीटर सरळ नेऊन आणलं आणि चढावर नेऊ दिलं नाही. तिथल्याच कोटेशनात हँडलिंग चार्ज आणि न मागितलेली ॲक्सेसरीज किटही होती. दुसऱ्यांनी विचारल्याबरोबर जोतिबाच्या वाटेवर नेली. तिथे एलिव्हेट सीव्हीटी (ऑटोमॅटिक) चार माणसं घेऊन चढली, आवाज वाढवून, पण चढली.

डिझेल सोडलं. डीपीएफची गोष्ट पटली. हायब्रिड डिकीमुळे गेली. आता दोनच: एर्टिगा पेट्रोल घेऊन स्विफ्ट विकायची, किंवा एलिव्हेट घेऊन स्विफ्ट ठेवायची आणि सहा जण असले की दोन गाड्या काढायच्या. दुसऱ्यात पोर्चला एकच जागा, स्विफ्ट रस्त्यावर. एर्टिगात अठरा लाखांतले बरेच वाचतात, पण तो एक तारा डोळ्यासमोरून जात नाही, कारण तिसऱ्या रांगेत बसणार मुलंच.

ज्यांच्याकडे एर्टिगा आहे आणि जे गगनबावडा किंवा आंबा घाटात सहा माणसं भरून नेतात त्यांनी कृपया लिहावं: चढाला दुसऱ्या गिअरवरच राहावं लागतं का, आणि तिसऱ्या रांगेत पोरांना उलट्या होतात का? आमचा धाकटा भुईबावड्याच्या तिसऱ्या वळणाला हमखास गाडी थांबवायला लावतो, तेही मधल्या सीटवर बसून. बुकिंगचे पैसे पुढच्या शुक्रवारी भरायचे आहेत. आणि आबांना कसं पटवायचं हे कुणाला सुचलं तर तेही लिहा.