सिंगल कॉइल पिकअप बदलायचे आहेत, पण गुणगुण कमी व्हायला हवी – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

धरणगावहून लिहितोय. आमचा अहिराणी गाण्यांचा ग्रुप आहे. ढोलकी, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, गायक आणि माझी इलेक्ट्रिक गिटार. लग्नसराईत हळदीचे कार्यक्रम असतात, श्रावणात कानबाईचे (ही आमच्या खानदेशातली देवी). गिटार स्ट्रॅट (फेंडर स्ट्रॅटोकास्टर) पद्धतीची, तीन सिंगल कॉइलवाली, म्हणजे तारेची थरथर पकडणारे एकेका कॉइलचे तीन पिकअप. पिकअप कंपनीतून आलेलेच आहेत. खाली सिरॅमिक चुंबकाची पट्टी आणि वर लोखंडी खुंट्या, असे स्वस्तातले.

अडचण गुणगुणीची आहे. गाणं चालू असताना जाणवत नाही. पण गाणं संपून निवेदक बोलायला लागला की अ‍ॅम्पमधून घूंऽऽ सुरू होतं आणि पुढच्या रांगेतली माणसं वळून बघतात. ओव्हरड्राइव्हचा पेडल दाबला की ते दुप्पट होतं. कानबाईच्या जागरणात तर शांत ओव्या असतात, तिथे हा आवाज मला स्वतःलाच सहन होत नाही.

मी पाहिलेलं सांगतो, म्हणजे उत्तर देणाऱ्यांना सोपं जाईल. तारांना हात लावला की आवाजातली चरचर कमी होते, पण खालचा घुमणारा सूर तसाच राहतो. उभ्या जागी गोल फिरलो तर एका दिशेला तो जवळजवळ नाहीसा होतो आणि पुन्हा वाढतो. गिटारचा व्हॉल्यूम शून्य केला की सगळं शांत. पिकअप निवडायच्या स्विचच्या पाचही जागांवर गुणगुण सारखीच आहे. घरी कमी असते, मांडवात जास्त. मांडवात डिमरवर चालणारे लाइट असतात, बाजूला जनरेटर असतो आणि लाइटिंगवाल्याच्या एक्स्टेन्शनमधूनच आम्हाला वीज मिळते.

जळगावात दोघा-तिघांना विचारलं. सगळ्यांचं एकच उत्तर, हंबकर (दोन कॉइलचा पिकअप) टाक. मला ते करायचं नाही आणि त्याचं कारण आहे. आमच्या गाण्यात मधली सगळी जागा कीबोर्ड आणि ढोलकी व्यापतात. जाड, गोल आवाजाची गिटार त्यात बुडून जाते. सिंगल कॉइलची वरची धार, तार छेडल्याबरोबर येणारा तो टणत्कार, तेवढाच त्या गर्दीतून वेगळा निघतो. मधला आणि ब्रिजचा (तारा खाली टेकतात त्या बाजूचा) पिकअप एकत्र लावून मी जी ठेक्याची कट वाजवतो, ती या आवाजाशिवाय होणार नाही.

बजेट पाच-सहा हजार. नॉइजलेस म्हणतात ते घ्यावेत की साधे चांगले अल्निकोचे (त्या मिश्रधातूच्या चुंबकांचे)? अल्निको २ की ५? आणि पिकअप बदलून खरंच फरक पडेल का, की दोष दुसरीकडेच आहे? नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसेल, त्याआधी काम उरकायचं आहे.

प्रतिसाद – तापीकाठ

भाऊ, तुनी गिटारमा काही बिघाड नही शे.

तुम्ही जे पाहिलंय त्यातच निम्मं उत्तर आहे. तुम्हाला दोन वेगळे आवाज ऐकू येतायत आणि दोघांचा इलाज वेगळा आहे.

हात लावल्यावर कमी होते ती चरचर विद्युत क्षेत्राची. डिमर, चार्जर, ट्यूबलाइटचा चोक यांच्याकडून ती येते आणि गिटारच्या आतल्या उघड्या वायरी ती पकडतात. तिच्यावर शील्डिंग, म्हणजे आतून तांब्याचा पत्रा लावणं, चालतं. फिरल्यावर कमी-जास्त होतो तो घुमणारा सूर चुंबकीय क्षेत्राचा. आपली वीज ५० हर्ट्झची. जनरेटर, अ‍ॅम्पचा ट्रान्सफॉर्मर, जाड केबल यांच्याभोवती त्याच वेगाने बदलणारं क्षेत्र असतं. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. तारेची थरथर आणि ते क्षेत्र यांतला फरक त्याला कळत नाही, दोन्हीचा तो सिग्नल करतो. तांब्याचा पत्रा कितीही चिकटवा, हा सूर त्यातून आरपार जातो. शील्डिंग करून निराश झालेले लोक बहुतेक याच सुराची वाट बघत असतात.

गिब्सन या गिटार कंपनीच्या सेथ लव्हरने १९५५ मध्ये हंबकरच्या पेटंटसाठी अर्ज केला तो यावरच. दोन कॉइल, उलट वेढ्यांच्या आणि उलट चुंबकाच्या. तारेचा आवाज बेरजेत येतो, गुणगुण एकमेकींना खाते. पण दोन कॉइल शेजारी शेजारी असल्यामुळे तारेचा रुंद भाग ऐकला जातो आणि तुम्हाला हवी ती धार बोथट होते. म्हणून तुमचा नकार मला पटतो.

हीच युक्ती तीन सिंगल कॉइलमध्येही बसते. मधला पिकअप उलट वेढ्यांचा आणि उलट ध्रुवाचा घ्यायचा. मग स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागी गुणगुण जाते. तुमची पाचही जागांवर सारखी आहे, म्हणजे तुमच्या सेटमध्ये ही सोय नाही. आणि तुमची ठेक्याची कट नेमकी मधला आणि ब्रिज यांच्या जोडीवर आहे! तुमच्यासाठी पिकअप बदलण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच.

नॉइजलेसमध्ये एकाखाली एक अशा दोन कॉइल असतात, खालची मुख्यतः गुणगुण रद्द करायला. एकेकटा पिकअपही शांत राहतो, पण वरचा मोकळेपणा थोडा जातो आणि चांगला सेट तुमच्या बजेटबाहेर जाईल. त्यापेक्षा अल्निको ५ चा, मधला उलटा असलेला साधा सेट घ्या. अल्निको २ मऊ बोलतो, ढोलकीपुढे टिकणार नाही. ‘हॉट’ लिहिलेला सेट टाळा. वेढे वाढवले की आवाज वाढतो, पण धार कमी होते आणि गुणगुणही सोबत वाढते. मल्टिमीटरवर साडेपाच ते साडेसहा किलोओहमच्या आसपासचे चालतील. पॉट (व्हॉल्यूम-टोनची बटणं) २५० किलोओहमचेच ठेवा.

प्रतिसाद – सोल्डर आणि फ्लक्स

वरचं सगळं बरोबर. शील्डिंगही करून घ्या, चरचर तरी जाईल. ज्याचा गोंदही वीज वाहतो अशी तांब्याची पट्टी घ्या. प्रत्येक तुकडा दुसऱ्याला जोडला गेलाय का ते मल्टिमीटरवर तपासा आणि शेवटी एक वायर अर्थला. पिकगार्डच्या मागेही पट्टी हवी. जॅकचं सिग्नलचं टोक पट्टीला टेकलं तर आवाजच बंद होईल, तिथे इन्सुलेशन टेप लावा. स्वयंपाकघरातल्या फॉइलवर सोल्डर बसत नाही, त्या नादी लागू नका.

मला जास्त काळजी मांडवातल्या विजेची आहे. गिटार हातात असताना माइकला ओठ लागून कधी झिणझिण्या आल्यात का? आल्या असतील तर तो पिकअपचा प्रश्न नाही, अर्थिंगचा आहे, आणि जिवाशी गाठ आहे. वायरमनकडून बोर्ड आणि जनरेटरचं अर्थिंग तपासल्याशिवाय वाजवू नका. गुणगुण जावी म्हणून प्लगची तिसरी पिन काढायला सांगणारे भेटतात. कुणीही सांगितलं तरी काढायची नाही. अ‍ॅम्प, कीबोर्ड आणि मिक्सर एकाच बोर्डावर घ्या. वेगवेगळ्या बोर्डांवर असले की अर्थचा फेरा तयार होतो आणि त्याची गुणगुण वेगळी. तेवढ्यानेही राहिली तर मिक्सरकडे जाणाऱ्या लाइनवर ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (सिग्नल मिक्सरला जोडून देणारी डबी) लावून त्याचा ग्राउंड लिफ्ट दाबा. तो फक्त सिग्नलची अर्थ सोडतो, विजेची नाही. डिमरच्या वायरी तुमच्या केबलपासून लांब ठेवा, ओलांडायच्याच असतील तर काटकोनात.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. झिणझिण्या एकदा जाणवल्या होत्या, कासोद्याकडच्या एका हळदीला. तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही. आता ग्रुपमधल्या सगळ्यांना हा प्रतिसाद वाचून दाखवला. पुढच्या कार्यक्रमापासून सुपारी घेतानाच अर्थिंग असलेला वेगळा बोर्ड मागायचा, असं ठरलं आहे.

बॅटरीवर चालणारा हेडफोन अ‍ॅम्प घेऊन मित्राच्या केळीच्या बागेत वाजवून बघितलं, विजेच्या तारांपासून लांब. गुणगुण जवळजवळ शून्य. म्हणजे वायरिंग ठीक आहे. अल्निको ५ चा, मधला उलटा असलेला सेट मागवतो.

शेवटचा प्रश्न: नवे पिकअप तारांपासून किती अंतरावर ठेवू? जवळ नेले तर गुणगुणीच्या मानाने तारेचा आवाज वाढेल ना?

तापीकाठ

वाढेल, पण फार जवळ नेऊ नका. अल्निकोचे खांब तारेला ओढतात, मग जाड तारांचा सूर डगमगतो आणि आवाज फार काळ टिकत नाही. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून जाड तारेकडे अडीच मिलिमीटर आणि बारीक तारेकडे दोन मिलिमीटरपासून सुरुवात करा. नंतर अर्धा-अर्धा आटा फिरवत कानाने ठरवा. वाजवताना अ‍ॅम्पपासून दोन पावलं लांब उभे राहा, आणि गुणगुण नाहीशी होते ती दिशा प्रत्येक मांडवात आधी शोधून ठेवा.