लेकीच्या लग्नाआधी बोटॉक्स: हौस की खूळ?

जाईजुई५२:
मंडळी, वय ५२, राहणार नाशिक, लेकीचं लग्न डिसेंबरअखेर. दोन भुवयांच्या मध्ये दोन उभ्या आठ्या पडल्यात, इतक्या खोल की गप्प बसले तरी लोक विचारतात काय झालं, कुणावर चिडलात. स्किनच्या डॉक्टरकडे गेले, तिने बोटॉक्स सुचवलं, म्हणजे स्नायू ढिला करून सुरकुत्या घालवायचं इंजेक्शन. आठ्यांना २० युनिट, डोळ्यांच्या कडांना २४, युनिटला साडेतीनशे आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे अठरा हजारांच्या वर गेलं. पैसे माझे, शाळेत शिकवते. पण घरात सांगितलं तर मी जणू किडनी विकायला निघाल्ये असं वातावरण झालं. नणंद म्हणाली, "वहिनी, आता या वयात?" अहो या वयात नाही तर कधी, पंचविशीत आठ्या कुणाला असतात! तुम्हाला काय वाटतं ते स्पष्ट सांगा.

सदाशिवपेठी:
स्पष्टच सांगतो. लग्नात लोक जेवायला येतात, वधूमायच्या आठ्या मोजायला नाही. आणि हे टिकतं किती, तर तीन-चार महिने. म्हणजे गुढीपाडव्यानंतर आठ्या परत जागेवर, पैसे गेले ते गेले. शिवाय हे विष आहे हो, बिघडलेल्या डबाबंद खाण्यातून माणसं दगावतात ना, त्याच जंतूचं.

रुग्णसेविका:
विष आहे हे खरं, पण मात्रा बघा की काका. स्किनच्या दवाखान्यात सहा वर्षं काम केलंय म्हणून सांगते. अमेरिकेत १९८९ साली याला पहिली परवानगी मिळाली ती डोळ्यांच्या तिरळेपणासाठी, आठ्यांसाठी पुढे २००२ मध्ये. नसेकडून स्नायूला जो निरोप जातो तो काही महिने अडतो, स्नायू ढिला पडतो, वरची कातडी चुरगळत नाही, एवढंच. जाईजुईताई, करायचंच असेल तर लग्नाच्या तोंडावर करू नका. पूर्ण असर दिसायला दोन आठवडे लागतात, कधी सुई टोचल्याचा काळानिळा डाग पडतो, क्वचित पापणी उतरते आणि ती जागेवर यायला काही आठवडे जातात. महिना तरी हातात ठेवा. गरोदर बाईने किंवा मायस्थेनियासारखा स्नायूंचा आजार असलेल्याने या वाटेला जायचंच नाही.

घाटावरचा:
औषध सुरक्षित आहे का हा माझा मुद्दाच नाही. तुम्ही एकटीने केलंत तर ठीक, पण स्टाफरूममधली दुसरी बाई आरशात बघणार आणि तिसरी ईएमआयवर करून घेणार. माझी बहीण ४१ ची आहे, दर सहा महिन्यांनी काहीतरी नवीन, आधी आठ्या, मग गाल बसले म्हणून गाल, आता हनुवटी. प्रत्येक वेळी म्हणते हे शेवटचं. थांबायचं कुठे हे त्या सुईवर लिहिलेलं नसतं. सुरकुतलेली आजी आपल्याला सुंदर दिसायची ना, मग आईच का नको?

कडीपत्ता:
घाटावरचे, तुम्ही केसांना कलप लावता का? नसाल लावत तर सोडून द्या, पण आमच्या ऑफिसातले दोन साहेब टक्कल लपवायला केस रोवून आले तेव्हा सगळ्यांनी पेढे मागितले, कुणी समाजावर काय परिणाम होईल विचारलं नाही. बाईने सुई टोचली की मात्र संस्कृती आठवते.

बाकी ताई, जागा नीट निवडा हो. मी स्वस्तात मिळतंय म्हणून एका पार्लरमध्ये ओठांत फिलर, म्हणजे ओठ भरीव दिसायला टोचतात ते जेल, भरून घेतलं, एक बाजू अशी सुजली की आठवडाभर स्कार्फ बांधून हिंडले. शेवटी खऱ्या डॉक्टरकडे जाऊन दुसरं इंजेक्शन घेतलं, त्याने ते विरघळलं. डॉक्टर म्हणाली थोडक्यात वाचलात, फिलर रक्तवाहिनीत गेलं तर कातडी मरते, कधी डोळाही जातो.

रुग्णसेविका:
+१. डॉक्टरांचे नियम ठरवणाऱ्या नॅशनल मेडिकल कमिशनने २०२२ मध्ये सांगून ठेवलंय की यूट्यूब किंवा वर्कशॉप बघून असल्या गोष्टी करायला लागणं म्हणजे प्रशिक्षण नव्हे. तरी गल्लोगल्ली चालूच आहे. कुपी कुठल्या कंपनीची, तुमच्या समोर उघडतात का, हे विचारायला लाजू नका.

सदाशिवपेठी:
प्लास्टिक सर्जरीला माझा विरोध नाही बरं का. इंग्रजांच्या फौजेतला कावसजी नावाचा बैलगाडीवाला, टिपूच्या लोकांनी त्याचं नाक कापलं, ते आमच्या पुण्याजवळ कपाळाची कातडी वळवून परत बसवलं, आणि ते करणारा कुणी एमबीबीएस नव्हता, विटा पाडणाऱ्या जातीतला कारागीर होता. १७९४ साली लंडनच्या मासिकात ते छापून आलं, मग तिथले सर्जन त्यावरून शिकले. पण ती गरज होती! आणि हा फरक सरकारलाही कळतो. जन्मजात व्यंग, अपघात, भाजणं यासाठी सर्जरी असेल तर जीएसटी नाही, नटण्यासाठी असेल तर भरा कर.

कडीपत्ता:
कर भरून करतेय ना ती, मग प्रश्न मिटला की.

घाटावरचा:
कराने प्रश्न मिटत असते तर दारूचा कधीच मिटला असता. आणि कलप लावतो मी, लपवत नाही. पण कलप धुऊन जातो, त्याने चेहऱ्यावरचं बोलणं बंद पडत नाही. बहिणीला परवा मी बाबांच्या आजारपणाचं सांगत होतो, ती काळजीत आहे की कंटाळली आहे तेच मला कळेना. हे तुम्हाला हास्यास्पद वाटेल, मला नाही वाटलं.

जाईजुई५२:
घाटावरचे, हास्यास्पद नाही वाटलं. काल लेकीशी बोलले तेव्हा तीही हेच म्हणाली, आई तू कधी चिडलीस ते मला लहानपणापासून त्या आठ्यांवरून कळतं. मी म्हटलं, बाई गं, वर्गातल्या पोरांनाही तेच वाटतं, आणि मी निम्म्या वेळा चिडलेली नसतेच!

तर डोळ्यांच्या कडांचं रद्द केलं. हसल्यावर पडतात त्या रेघा, पडू देत. फक्त आठ्या, २० युनिट, टॅक्स धरून ८,२६० रुपये, दिवाळी झाली की लगेच. नणंदेला सांगितलं तर ती जरा वेळ गप्प बसली आणि मग हळूच म्हणाली, "वहिनी, मीपण येऊ का सोबत, नुसतं विचारायला?" रुग्णसेविका, तिला थायरॉइडची गोळी चालू आहे, ते डॉक्टरला आधीच सांगायला लागेल ना?