जखम युद्धातली, मरण नंतरचं : अशा जवानाची नोंद कशी करायची, पाटी कशी बसवायची? (अनुभव धागा)

रणांगणावर पडलेल्याचं नाव आपसूक यादीत जातं. गोळी खाऊन घरी आलेला आणि बारा वर्षांनी त्याच दुखण्याने गेलेला मात्र राहून जातो. गावाला ठाऊक असतं, कागदाला नसतं. ज्यांनी अशा नोंदी शोधल्या, दुरुस्त केल्या, पाट्या बसवल्या त्यांनी हातचं न राखता लिहा. गहिवर नको, कामाचं लिहा.

निवृत्त नर्सिंग असिस्टंट

घोडं अडतं ते मृत्यूच्या कारणापाशी. मणक्यात गोळी लागलेला जवान सहसा गोळीने जात नाही. कमरेखाली संवेदना नसते, त्यामुळे दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर माकडहाड, खुबा, टाच इथली कातडी मरते. दुखत नाही म्हणून कळतही नाही, आणि वास येईपर्यंत जखम हाडापर्यंत गेलेली असते. दुसरी वाट लघवीची: कॅथेटर, सतत जंतुसंसर्ग, शेवटी मूत्रपिंडं. खडकीच्या पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरमध्ये जवानाला आधी हेच शिकवतात: आरसा धरून रोज पाठ बघायची.

आता कागद. मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र डॉक्टर देतात: रुग्णालयात मृत्यू झाला तर फॉर्म ४, घरी झाला तर ४-अ. त्यात कारणाच्या तीन ओळी असतात. डॉक्टर पहिल्या ओळीत ‘सेप्टिसीमिया’ (रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग) लिहून मोकळे होतात. ते खोटं नाही, पण खालच्या ओळी कोऱ्या राहिल्या की युद्धाचा धागा तिथेच तुटतो. लिहून घ्यायचं ते असं: (अ) सेप्टिसीमिया, (ब) शय्याव्रण (पडून राहून झालेल्या जखमा), (क) मणक्यातल्या गोळीच्या जखमेमुळे कमरेखालचा लकवा, सोबत जखमेचं साल. मूळ कारण नेहमी सर्वांत खालच्या ओळीत. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरला १९७१ किंवा १९९९ ची जखम कुठून माहीत असणार? म्हणून सैन्याच्या मेडिकल बोर्डाने जखमेबद्दल दिलेल्या अहवालाची प्रत पेशंट भरती होतानाच केसपेपरला लावा. फॉर्म जन्म-मृत्यू निबंधकाकडे गेला की दुरुस्तीला हेलपाटे.

आणखी एक. ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर मृत्यूचं कारण नसतंच, कायद्यानेच ते छापत नाहीत. २०२३ च्या दुरुस्तीनंतर कारणाच्या प्रमाणपत्राची प्रत जवळच्या नातेवाइकाला द्यावी लागते. ती मागून घ्या. पेन्शनच्या अर्जाला तीच लागते.

रेकॉर्ड ऑफिसचा माजी हेडक्लार्क

वरच्याला जोड. अर्ज करताना आर्मी नंबर शेवटच्या इंग्रजी अक्षरासकट लिहा. ते अक्षर तपासणीचं असतं, शोभेचं नव्हे. जखमी झाल्याची नोंद पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे जवानाच्या नोकरीतल्या घडामोडी नोंदवणाऱ्या पलटणीच्या आदेशात सापडते. तिची तारीख आणि डिस्चार्ज बुकातली तारीख जुळत नसेल तर आधी ती जुळवून घ्या, मगच जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. आणि अर्जात ‘शहीद’ लिहून काही साधत नाही, सेनादलाचा शब्द ‘बॅटल कॅज्युअल्टी’ (लढाईत मेलेला किंवा जखमी झालेला).

पहिल्या महायुद्धातल्या नोंदी शोधणारा

दोन्ही महायुद्धांत गेलेल्या सैनिकांच्या कबरी, स्मारकं आणि नावांच्या नोंदी सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या मुदती पक्क्या आहेत: ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७. या काळात नोकरीत असताना कशानेही मृत्यू झाला तरी नाव बसतं. नोकरीतून सुटल्यावर झाला असेल तर जखमेशी किंवा नोकरीतल्या आजाराशी संबंध दाखवणारा कागद हवा. १९२२ साली गेलेला, जखम कितीही उघड असली, तरी बाहेर.

शोधताना आडनावावर भिस्त ठेवू नका. पवारचा ‘पोवार’, सावंतचं स्पेलिंग डब्ल्यूने की व्हीने, कोणी सांगावं! पलटणीने शोधा. कूटच्या (आजच्या इराकमधल्या) वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी होत्या. १९२२ साली आकडे बदलले, ११० ची तिसरी बटालियन झाली आणि ११७ ची पाचवी. घरात ‘आजोबा पाचवीत होते’ एवढंच कोणी म्हणत असेल तर जुना आकडाही टाकून बघा. त्या आघाडीवर गेलेल्यांसाठी बसऱ्यात (इराक) उभारलेल्या स्मारकावर भारतीय शिपायांची नावं कोरलेलीच नव्हती, पलटणीखाली नुसती संख्या. नावं नोंदवहीत. म्हणून भिंतीचा फोटो मागवून उपयोग नाही.

पाथरवट

पाटीवर दोन तारखा हव्यात, ‘जखमी’ आणि ‘मृत्यू’. एकच टाकली तर पुढची पिढी म्हणणार, लढाई तर कधीच संपली होती, मग हा कसा गेला?

कोकणच्या पावसात संगमरवर लावू नका, अक्षरांच्या कडा झिजतात. काळा ग्रॅनाइट घ्या. अक्षर किमान एक इंच उंच हवं, त्याहून बारीक घेतलं की रफार आणि अनुस्वार रंगात बुजतात. शिरोरेषा सलग खोल कापू नका, कड टवका धरते. नुसत्या सिमेंटवर भरवसा नको, मागे स्टीलच्या खुंट्या द्या. आणि कोरण्याआधी कागदावरचा मजकूर घरच्या दोघांना वाचायला द्या. दगडात खोडरबर चालत नाही.

पुन्हा नोंदी शोधणारा

गावात ‘या गावातून इतके गेले, इतके कामी आले’ अशी ब्रिटिशकालीन संगमरवरी पाटी असेल तर तिच्यावर दर १५ ऑगस्टच्या आधी बसणारा ऑइलपेंट थांबवा. अक्षरं त्यानेच बुजतात. ॲसिडने धुऊ नका, संगमरवर खाल्ला जातो. साधं पाणी, मऊ ब्रश. वाचता येत नसेल तर रात्री जा आणि टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा उजेड पाडा. खाचांत सावली पडते, आकडे उठून दिसतात.