मदत हवी आहे: आई-बाबांची जुनी मेडिक्लेम पोर्ट करावी की सुपर टॉप-अप जोडावा?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. आई-बाबांच्या मेडिक्लेमचं रिन्युअल 18 मार्चला आहे. त्याआधी ती पोर्ट करायची (म्हणजे दुसऱ्या कंपनीत न्यायची) की तिच्या जोडीला सुपर टॉप-अप (ठराविक रकमेच्या वरचा खर्च देणारी जोड-पॉलिसी) घ्यायचा ते ठरवायचंय आणि घरात एकमत होत नाहीये, म्हणून इथे विचारतेय. जरा लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला सल्ला तरी कसा देता येणार?

बाबा 71, आई 66, दोघं सांगलीत. मी पुण्यात. बाबा शाळेतून निवृत्त झाले तेव्हा, 2013 मध्ये, दोघांची मिळून 5 लाखांची फ्लोटर पॉलिसी घेतली. आजवर एकदाही खंड नाही. बाबांना मधुमेह, आईला बीपी. 2019 मध्ये बाबांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा कॅशलेस विनातक्रार मिळालं होतं, त्यामुळे बाबांचा या कंपनीवर फार विश्वास.

मागच्या ऑगस्टमध्ये मिरजेत आईच्या उजव्या गुडघ्याचा सांधा बदलला. पॉलिसीत खोलीभाड्याला रोज विमा रकमेच्या 1 टक्का, म्हणजे 5,000 ची मर्यादा आहे. त्या दिवशी 8,000 वालीच खोली रिकामी होती. वरचे तीन-तीन हजार आपण भरू, असं बाबांनी धरलं. डिस्चार्जच्या वेळी टीपीएचं (विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणाऱ्या संस्थेचं) पत्र आलं ते असं:

खोली चार दिवस 32,000, मंजूर 20,000
सर्जन, भूल, ओटी (ऑपरेशन थिएटर) 1,05,000
इम्प्लांट 75,000
औषधं आणि तपासण्या 38,000

शेवटच्या तिन्ही रकमांपुढे एकच शेरा, '62.5 टक्के मंजूर'. कारण 5,000 हे 8,000 च्या साडेबासष्ट टक्के. अडीच लाखांच्या बिलात 1,56,250 मिळाले आणि 93,750 बाबांनी एफडी मोडून भरले. पैशांपेक्षाही, काउंटरवर उभं राहून ते पत्र पुन्हा पुन्हा वाचणाऱ्या बाबांचा चेहरा मला विसरता येत नाही.

आता प्रीमियम. मागच्या वर्षी 42,600 अधिक जीएसटी, यंदाची नोटीस 46,800 ची. एका खासगी कंपनीचा एजंट दर आठवड्याला फोन करतोय. म्हणतो, 'आमच्याकडे पोर्ट करा, 10 लाखांचं कव्हर, खोलीला मर्यादा नाही, जुनी सगळी वर्षं धरली जातील.' प्रीमियम 78,000. भाऊ म्हणतो, जुनी पॉलिसी राहू दे, वर 15 लाखांचा सुपर टॉप-अप घे, तो साधारण 21,000 ला मिळतोय. बाबा म्हणतात, आहे तेच बरं आहे.

बाबांची पेन्शन आहे, मीही भर घालणार आहे, पण 78,000 दर वर्षी आणि तेही वाढत जाणारे, हे झेपेल का याची धास्ती वाटते. पोर्ट करणं या वयात शहाणपणाचं आहे का? आणि सुपर टॉप-अपने खोलीभाड्याचा प्रश्न सुटतो का?

घाटमाथा

ताई, मी सरकारी विमा कंपनीत क्लेम विभागातच होतो, आता निवृत्त आहे. आधी ते पत्र बघू, कारण त्यात तुमचे पैसे अडकलेत.

खोलीच्या प्रमाणात कापाकापी सरसकट सगळ्या बिलावर करता येत नाही. विमा नियामक आयआरडीएआयने 2020 मध्येच नियम केलाय की औषधं आणि वापराच्या वस्तू, इम्प्लांट आणि तपासण्या यांवर ही कपात लावायची नाही. आयसीयूलाही नाही. खोलीनुसार दर बदलतात अशाच खर्चांवर, म्हणजे सर्जनची फी, ओटी वगैरेंवर ती चालते. तुमच्या आकड्यांवर हिशेब केला: खोली 20,000, सर्जन-भूल-ओटीचे 65,625, इम्प्लांट आणि औषध-तपासण्या पूर्ण 1,13,000. एकूण 1,98,625. म्हणजे 42,375 कमी मिळालेत. हॉस्पिटल सगळ्या खोल्यांना ऑपरेशनचा एकच दर लावत असेल, तर 1,05,000 वरही कपात बसत नाही. हॉस्पिटलकडून दरपत्रक मागून घ्या.

कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाला ईमेल करा, आकड्यांचा तक्ता जोडा. आयआरडीएआयच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवरही नोंद करा. महिनाभरात दाद लागली नाही किंवा नकार आला, तर पुण्याला विमा लोकपालांचं कार्यालय आहे. तिथे फी नाही, वकील लागत नाही. फक्त कंपनीच्या नकारानंतर वर्षाच्या आत जायला हवं.

आता मूळ प्रश्न. एजंटचं 'सगळी वर्षं धरली जातील' हे अर्धंच खरं आहे. जुन्या वर्षांचा फायदा जुन्या 5 लाखांपुरता. वरच्या 5 लाखांना आधीच्या आजारांसाठी नव्याने वेटिंग (त्या काळात त्या आजारांचा क्लेम मिळत नाही) लागू शकतं, जास्तीत जास्त 3 वर्षं. बाबांचं हृदय आणि मधुमेह दोन्ही त्यात आले. दुसरं, पोर्टचा अर्ज करणं हा तुमचा हक्क आहे, पण तो मंजूर करणं नव्या कंपनीच्या हातात असतं. अँजिओप्लास्टी झालेल्या 71 वर्षांच्या माणसाला ते नाकारू शकतात, किंवा 20 टक्के को-पे (क्लेमचा तेवढा हिस्सा आपण भरायचा) घालून घेऊ शकतात.

तुमच्याकडे सगळ्यात मोलाचं जे आहे ते म्हणजे 2013 पासूनचा अखंडपणा. सलग 60 महिने झाले की 'तुम्ही अमुक आजार लपवला होता' असं म्हणून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध केली तरच. पूर्वी ही मुदत 8 वर्षं होती, 2024 पासून 5 झाली. उतारवयात याचं मोल फार आहे. सहज सोडू नका.

सुपर टॉप-अप खोलीभाड्याचा प्रश्न सोडवणार नाही. 5 लाखांचं डिडक्टिबल असलं की वर्षाचा खर्च 5 लाखांच्या वर गेल्यावरच तो जागा होतो. आईंचं बिल अडीच लाखांचं होतं, त्यात त्याने एक रुपयाही दिला नसता. तो बायपास, कॅन्सर, लांबलेला आयसीयू अशा मोठ्या आजारांसाठी, आणि त्यासाठी जरूर घ्या. घेताना मात्र साधा टॉप-अप नको. वर्षात 4-4 लाखांची दोन बिलं झाली तर साधा टॉप-अप काहीच देत नाही, कारण तो प्रत्येक बिल वेगळं मोजतो. सुपर टॉप-अप दोन्ही मिळून 8 धरतो आणि वरचे 3 देतो.

सदाफुली

घाटमाथा काकांनी लिहिलंय त्यात एक भर. माझ्या सासऱ्यांच्या वेळी एजंटने 'पोर्ट नक्की होणार' म्हणून सांगितलं होतं. नव्या कंपनीने मेडिकल करून घेतलं आणि रिन्युअलच्या तोंडावर नकार कळवला. सासूबाईंनी आग्रह धरून जुना हप्ता वेळेत भरला म्हणून निभावलं. होकार लेखी हातात येईपर्यंत जुनी पॉलिसी सोडायची नाही म्हणजे नाही.

पोर्टचा अर्ज रिन्युअलच्या किमान 45 दिवस आणि जास्तीत जास्त 60 दिवस आधी करायचा, असं बहुतेक पॉलिसींत लिहिलेलं असतं. 18 मार्च धरला तर 17 जानेवारी ते 1 फेब्रुवारी. तुमच्या पॉलिसीत बघा.

आणि बाबा 70 च्या वर आहेत, तर आयुष्मान वय वंदना कार्ड (70 आणि त्यावरच्यांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेचं) काढलंत का? उत्पन्नाची अट नाही, आधारवरचं वय बघतात. वर्षाला 5 लाख, जुने आजार पहिल्या दिवसापासून. खासगी मेडिक्लेम असली तरी चालतं. योजनेतल्या हॉस्पिटलांतच उपचार मिळतात, त्यामुळे मिरजेतलं तुमचं हॉस्पिटल यादीत आहे का ते 14555 वर विचारा. आईंना अजून चार वर्षं थांबावं लागेल.

कृष्णाकाठ

दोघांचेही मनापासून आभार. वय वंदनाचं आम्हाला माहीतच नव्हतं, भाऊ उद्याच बाबांना घेऊन जातोय. कंपनीला ईमेलही लिहायला घेतलाय.

पण खोलीच्या मर्यादेचं काय? आईचा डावा गुडघाही वर्ष-दोन वर्षांत करावा लागेल असं डॉक्टर म्हणतात. पुन्हा तेच व्हायला नको. फक्त आईलाच वेगळं पोर्ट करता येईल का? आणि यंदाची वाढ बरोबर आहे का?

घाटमाथा

वाढ बसते. जानेवारी 2025 पासून साठीच्या पुढच्यांचा प्रीमियम कंपनीला आयआरडीएआयशी सल्लामसलत केल्याशिवाय वर्षाला 10 टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. 42,600 चे 46,800 म्हणजे 10 च्या किंचित आत. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आणि फ्लोटर आरोग्य विम्यावर जीएसटीही नाही, त्यामुळे हातातून जाणारी रक्कम उलट कमी झालीय. मागच्या वर्षी तुम्ही 50,268 भरले होते.

खोलीसाठी पोर्टच्या आधी एक दार ठोठवा: त्याच कंपनीची दुसरी पॉलिसी. त्याला मायग्रेशन म्हणतात. कंपनी तीच, वर्षांचा हिशेब टिकतो, आणि खोलीची मर्यादा नसलेली किंवा सैल असलेली योजना त्यांच्याकडे असू शकते. शाखेत जाऊन लेखी अर्ज द्या. एजंट हे सहसा सुचवत नाहीत. तिथेही वाढीव रकमेला वेटिंग लागू होईल, पण जुने 5 लाख शाबूत राहतात. नवी योजना घेण्याआधी तिच्यातल्या को-पेचं कलम तेवढं नीट वाचा.

आईंना वेगळं काढून पोर्ट करण्याबद्दल दोन्ही कंपन्यांकडून लेखी घ्या. बीपी सोडलं तर त्यांची फाइल हलकी आहे, पण डावा गुडघा डॉक्टरांच्या कागदावर आलाय आणि तो प्रपोजलमध्ये (विम्याच्या अर्जात) लिहावाच लागेल. त्या गुडघ्यापुरती जुनी पॉलिसीच जास्त भरवशाची, असं माझं मत. ऑपरेशन ठरलं की आधी खोलीची तारीख पक्की करा. गुडघा बदलणं ठरवून केलेलं ऑपरेशन आहे, 5,000 च्या आतली खोली मिळेल तो दिवस निवडता येतो.

कृष्णाकाठ

मग असं ठरवते: जुनी पॉलिसी वेळेत भरायची, शाखेत मायग्रेशनचा अर्ज द्यायचा, सुपर टॉप-अपसाठी दुसऱ्या कंपनीत प्रपोजल टाकायचं. सुपर टॉप-अपलाही बाबांचं मेडिकल लागेल ना?

घाटमाथा

बहुधा लागेल, आणि आधीच्या आजारांना तिथेही वेटिंग असेल. म्हणूनच जितक्या लवकर सुरू कराल तितकं बरं. प्रपोजल फॉर्म एजंटला भरू देऊ नका. बाबांसोबत बसून तुम्ही भरा: अँजिओप्लास्टीची तारीख, मधुमेहाची गोळी, आईंचे दोन्ही गुडघे, सगळं. डिस्चार्ज कार्डाची प्रत जोडा आणि सही केलेल्या फॉर्मचा फोटो स्वतःकडे ठेवा. पॉलिसी हातात आल्यावर 30 दिवसांचा फ्री-लुक (पटली नाही तर पॉलिसी परत करायची मुदत) असतो. त्या दिवसांत तिच्यातली माहिती तुमच्या फोटोशी ताडून बघा, आणि काही वेगळं छापलेलं असेल तर तेव्हाच लेखी दुरुस्ती मागा.