तारेचे फास मोकाट, आणि पोलिसात नोंद लाकडी क्रॉसबोची?

डोंगरवाट

व्हिएतनामचा शस्त्रांचा २०१७ चा कायदा १ जुलै २०१८ ला लागू झाला. २०२५ पासून त्याच्या जागी २०२४ चा नवा कायदा आला, पण या बाबतीत फरक नाही. त्यात साध्या शस्त्रांची एक यादी आहे. तलवार, भाला, संगीन, लोखंडी मूठ, आणि त्याच ओळीत धनुष्य आणि क्रॉसबो. म्हणजे मध्य व्हिएतनामच्या डोंगराळ पठारावर एडे, जाराय किंवा बानार जमातीच्या माणसाच्या घरात आज्याच्या हातचा क्रॉसबो टांगलेला असेल, तर तो घरातली जुनी ठेव म्हणून पोलिसांकडे नोंदवायचा. घेऊन रानात शिरायची सोय नाहीच.

मला हे पटत नाही. ज्या हत्याराने त्या डोंगरातलं रान कधी रिकामं केलं नाही, त्याला कागदात अडकवलं. आणि रान ज्याने खरोखर रिकामं केलं ते तारेचे फास ज्याचे करतात ती मोटरसायकलच्या ब्रेकची केबल, कुठल्याही गॅरेजात मिळते.

ज्यांनी हा क्रॉसबो पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. लाकडी दांडा, त्याच्या पुढच्या भोकातून आडवी घातलेली चिवट लाकडाची किंवा बांबूची कमान, वळलेल्या झाडतंतूंची दोरी. चीनच्या युन्नानमधले लिसू लोक कमानीला रानतुतीचं लाकूड आणि दोरीला भांगेच्या झाडाचे तंतू वापरतात. चाप हाडाचा, शिंगाचा नाहीतर लाकडाचा. लोखंडाचा तुकडा नसला तरी चालतं. बाण म्हणजे बांबूची तासलेली काडी. तिला पिसं नसतातच. काडीचं मागचं टोक चिरून त्यात पानाची त्रिकोणी घडी सरकवलेली असते. दोन्ही बाजूंना पानाचा कान बाहेर राहतो आणि तेवढ्यावर बाण सरळ जातो. घडी निसटली तर रस्त्यात दुसरं पान तोडायचं.

मतं येऊ द्या.

निवृत्त वनपाल

चाळीसेक वर्षं जंगल खात्यात काढली, त्यामुळे अशा लेखांची सवय आहे. आदिवासींचं हत्यार म्हटलं की सगळे हळवे होतात. एक साधी गोष्ट विसरलात. क्रॉसबोला आवाज नाही. बंदूक वाजली की दोन मैलांवरच्या चौकीला कळतं, पाखरं उठतात. बाण सुटला तर झाडावरच्या वानरांच्या टोळीला एक खाली पडेपर्यंत पत्ता लागत नाही, मग दुसरं, मग तिसरं. वर विष लावलेलं. त्या वानराला तुमच्या वारशाचं काय कौतुक?

आणि हो, फास लावणंही तिथे बेकायदाच आहे. 'मोकाट' हा शब्द लोकांना भडकवण्यासाठी.

डोंगरवाट

वनपाल साहेब, बेकायदा आहे हे मान्यच. पण केबल विकत घ्यायला कुठे नोंद करावी लागते? क्रॉसबोला लागते. माझा आक्षेप त्या उलट्या हिशोबावर आहे.

आकड्यांकडे बघा. व्हिएतनाम-लाओस सीमेवरच्या अन्नामी डोंगररांगेतल्या मोजक्याच संरक्षित जागांतून २०११ पासूनच्या काही वर्षांत गस्तीपथकांनी एक लाखाहून जास्त फास काढले. सापडले तेवढे. फास रात्रंदिवस जागा असतो, गाभण मादी आणि पिल्लू असा भेद करत नाही, आणि लावणारा परत आलाच नाही तर जनावर तिथेच सडतं. क्रॉसबोवाल्याला प्रत्येक नेमासाठी पंचवीस-तीस पावलांपर्यंत जावं लागतं, तोही स्वतःच्या पायांनी.

निवृत्त वनपाल

साओला नावाचं जनावर माहीत असेलच तुम्हाला. १९९२ मध्ये व्हिएतनाममधल्या वू क्वांगच्या जंगलात जगाला कळलं. कसं कळलं? शिकाऱ्यांच्या घरात भिंतीवर टांगलेली शिंगं दिसली म्हणून! शास्त्रज्ञांच्या आधी ते स्थानिक माणसाच्या भिंतीवर पोचलं होतं. २०१३ नंतर एका कॅमेऱ्यातसुद्धा आलेलं नाही. हे सगळं केबलनेच केलं म्हणता?

डोंगरवाट

शिंगं भिंतीवर होती, आणि तरीही जनावर १९९२ पर्यंत रानात होतं. मधल्या किती पिढ्यांनी ती शिंगं टांगली असतील? साओलाच्या मागे लोक कुत्रे लावत, घेरून मारत. त्यानंतर तीस वर्षांत काय झालं? रस्ते झाले, शहरांत रानमांसाची हॉटेलं वाढली, केबल स्वस्त झाली. त्याच पठारावरच्या डाक लाक प्रांताच्या लाल मातीत रोबस्टा कॉफीचे मळे उभे राहिले ते कुठलं रान तोडून? व्हिएतनाम आज कॉफी निर्यातीत जगात दुसऱ्या नंबरवर आहे. क्रॉसबो मात्र तसाच राहिला.

बेअरिंग

शिकारीचं तुम्ही दोघं बघा. मला 'अस्सल तंत्रज्ञान' या सुरावर बोलायचंय. चीनमध्ये छिनच्या पहिल्या सम्राटाच्या मातीच्या सैन्याजवळ पितळी, म्हणजे खरं तर काशाचे, ढाळलेले चाप सापडले. इसवीसनापूर्वी तिसरं शतक! अनेक भाग एकमेकांत बसणारे, फिरणारा दात, दोरी अलगद सुटते. त्यापुढे हाडाची काडी वर ढकलून दोरी खाचेतून उडवणारा चाप म्हणजे मागची पायरी. डोंगरात गेलेल्या नकलेला धातू मिळाला नाही, म्हणून लाकूड. यात एवढं भारावून जाण्यासारखं काय?

लोहारआळी

बेअरिंग, हे जरा हातात धरून बघितल्याशिवाय बोलताय असं वाटतं.

दांड्याच्या वरच्या पाठीला एक खाच. दोरी मागे ओढून त्या खाचेत टाकायची. खाचेच्या खाली उभी चीर, तिच्यात चाप एका खिळीवर झुलतो. चाप मागे खेचला की त्याचं वरचं टोक चिरेतून वर येतं, दोरीला खालून उचलतं, दोरी खाचेच्या काठावरून सुटते. फिरणारा भाग एकच. बिघडणार काय? चाप झिजला तर चुलीजवळ बसून सुरीने नवा तासायचा. काशाचा दात मोडला तर ओतारी शोधा, साचा शोधा, शंभर कोस चाला.

तोटा आहे. वर उचलताना दोरी घासते, म्हणून तिथे ती आधी झिजते, सुटताना बाणाला किंचित हिसका बसतो. पण ही रचना 'मागे पडलेल्या' लोकांचीच असं समजू नका. स्वीडनमध्ये सापडलेल्या मध्ययुगीन क्रॉसबोला साधारण अशीच खाच आणि खालून ढकलणारी खुंटी आहे. ते काय चीनची नक्कल करत बसले होते?

बेअरिंग

स्वीडनचं ठीक. पण दोरी घासते हे तुम्हीच लिहिलंत. घासणाऱ्या रचनेला मी उत्तम म्हणणार नाही, डोंगरात बनलेली असो की पुण्यात. सैन्याला हजारो सारखे चाप लागतात तिथे काशाचाच जिंकतो. तुमची रचना एका माणसाची आहे.

लोहारआळी

बरोबर, एका माणसाची आहे! घराघरात एक माणूस, एक सुरी, एक झाड. तोच तर मुद्दा. सैन्यासाठी म्हणाल तर त्याच प्रदेशातल्या राजांनी मोठेही बनवले. कंबोडियात बायोन मंदिराच्या भिंतीवर हत्तीच्या पाठीवरचा दुहेरी कमानीचा क्रॉसबो कोरलाय, बाराव्या शतकाच्या अखेरीच्या आसपासचा. मोठी यंत्रं राजांबरोबर गेली. छोटं राहिलं, कारण त्याला राजा लागत नव्हता.

वाफाळता

विषाबद्दल कोणी नीट लिहीत नाहीये म्हणून लिहितो, आयुर्वेदवाला आहे. दक्षिणेकडच्या डोंगरात बाणाला लावतात तो बहुतेक अँटिआरिस नावाच्या झाडाचा चीक. हे झाड आपल्या सह्याद्रीतही आहे, मराठीत चांदकुडा म्हणतात. इकडे त्याची साल कुटून पोती करत, तिकडे चिकाने शिकार. चीक रक्तात गेला तर हृदय बंद पाडतो, म्हणून जखमेभोवतालचं मांस कापून टाकून बाकीचं खातात. उत्तरेकडे, लिसूंच्या थंड डोंगरात, बचनागाचं मूळ. तेच बचनाग आपण शुद्ध करून औषधात घालतो. वनपाल काका 'वर विष लावलेलं' असं सरसकट लिहितात, पण खार, पाखरू यांच्यासाठी नुसती टोक जाळून कडक केलेली बांबूची काडी पुरते. चीक काढणं हे दिवसभराचं काम आहे, खारीपायी कोण करणार?

निवृत्त वनपाल

माहितीबद्दल आभार. वानराला मात्र तुमचा चीक पुरतो ना, एवढंच सांगा.

वाफाळता

पुरतो, काका. तिथे मी तुमच्या बाजूला आहे.

सायगावकर

मी हो ची मिन्ह सिटीत नोकरीला आहे, त्यामुळे दुसरी बाजू. ११ जून २०२३ ला डाक लाकमध्ये दोन कम्यूनच्या (म्हणजे गावपातळीच्या सरकारी) कार्यालयांवर सशस्त्र हल्ला झाला, नऊ माणसं गेली, त्यात पोलीस होते, गावचे अधिकारी होते, साधी माणसंही होती. जानेवारी २०२४ मध्ये शंभर जणांवर खटला चालला. त्या पठारावर सरकारला प्रत्येक हत्याराची यादी का हवी, ते मला समजतं. तुम्ही महाराष्ट्रात बसून 'आज्याचा क्रॉसबो' म्हणता. तिथल्या ठाण्यातल्या पोलिसाच्या बायकोला विचारा.

डोंगरवाट

हल्ला भयानक होता, त्यावर वाद नाही. पण कायदा त्याच्या पाच वर्षं आधी लागू झालेला, आणि हल्ल्यात बंदुका, सुरे, पेट्रोलचे बॉम्ब होते. क्रॉसबोची यादी असून काय अडलं?

आणि त्या पठारावर क्रॉसबोची भीती सरकारांना सोयीनुसार वाटते. १९६१ च्या अखेरीस सीआयए आणि अमेरिकेच्या खास दलाने बुओन एनाओ या एडे गावात स्वसंरक्षणाचा प्रयोग सुरू केला, तेव्हा गावकऱ्यांनी कुंपण घातलं आणि हातात घेतले क्रॉसबो आणि भालेच. थोड्याच दिवसांत कार्बाइन बंदुका आल्या. पुढे अमेरिकन सैनिक हेच क्रॉसबो आठवण म्हणून घरी घेऊन गेले. उलट्या बाजूला फ्रेंचांविरुद्ध लढलेला बानारांचा दिन्ह नुप. फ्रेंच माणसाला बाणाने रक्त निघतं हे दाखवणारा म्हणून तो सरकारी शाळेत वीर आहे. वीराच्या हातात चालतो, नातवाच्या घरात नोंदवा.

सायगावकर

नोंदवा म्हणजे जप्त करा नव्हे. ठेव म्हणून ठेवता येतो, खेळातही वापरता येतो. अल्पसंख्याक जमातींच्या क्रीडा महोत्सवात क्रॉसबोची नेमबाजी असतेच. तुम्ही कायद्याला खलनायक करताय.

रानपाखरू

मला दोघांचंही अर्धं पटत नाही. क्रॉसबो कायद्याने मरत नाहीये, पर्यटकांमुळे मरतोय. बाजारात टांगलेले 'आदिवासी क्रॉसबो' एकदा ओढून बघा. कमान कच्च्या बांबूची, खाच इतकी उथळ की दोरी बसतच नाही, वर लाल-काळी वेलबुट्टी. विकायला केलेल्या वस्तूला बाण सोडावा लागत नाही. दोन पिढ्यांत लोकांना वाटेल, क्रॉसबो म्हणजे भिंतीवर टांगायची चीज.

बेअरिंग

+१. यात मात्र एकमत.

डोंगरवाट

रानपाखरू, पण भिंतीवरच टांगायचा असेल तर खाच खोल कोण करेल? रानात न्यायला बंदी, म्हणून बनवणाऱ्याचं एकच गिऱ्हाईक उरतं, आणि ते सोडून बघत नाही. दोन्ही गोष्टी एकाच दोरीला बांधलेल्या आहेत.

निवृत्त वनपाल

मग स्पर्धा आहेत की. सायगावकर म्हणतात तसं. गिऱ्हाईक हवंय ना?

लोहारआळी

चीनमध्ये राष्ट्रीय अल्पसंख्याक खेळांत ते झालंय. तिथे पारंपरिक क्रॉसबो आणि ठरावीक मापाचा क्रॉसबो असे दोन गट केले, उभ्याने आणि गुडघ्यावर बसून नेम. ठरावीक मापाचा आला की पोरं तोच मागतात, कारण नेम त्याने जास्त लागतो.

निवृत्त वनपाल

नेम जास्त लागला तर वाईट काय? तुमचीच चिंता होती ना पोरांनी सोडावा म्हणून.

डोंगरवाट

सोडावाही आणि तासावाही. ठरावीक मापाचा तासावा लागत नाही. एक विचारू का, वनपाल साहेब? अरुणाचलमध्ये नामदफाच्या पलीकडे लिसू राहतात, तिथेही रान राखायचं म्हणून त्यांच्या शिकारीवरून खात्याशी वर्षानुवर्षं भांडण आहे. तुम्ही तिथले अधिकारी असता तर क्रॉसबो आधी काढून घेतला असता, की फास?

निवृत्त वनपाल

फास आधी. आणि दुसऱ्या दिवशी क्रॉसबो.