झोपेत बाळाचा श्वास मध्येच थांबल्यासारखा वाटतो

प्रश्न:
आमची मुलगी आज 12 दिवसांची आहे. झोपेत ती काही वेळ भरभर श्वास घेते, मग पाच-सात सेकंद तिची छाती हलतच नाही आणि पुन्हा श्वास सुरू होतो. तेवढ्यात माझा जीव टांगणीला लागतो. शिवाय जरा आवाज झाला की ती दोन्ही हात फाकवून दचकते. दूध व्यवस्थित पिते. तिला तातडीने डॉक्टरांना दाखवावे का?

प्रतिसाद 1:
तुम्ही वर्णन केलेली लय नवजात बाळांमध्ये नेहमी आढळते, कारण मेंदूतील श्वासावर नियंत्रण ठेवणारे केंद्र अजून पुरते परिपक्व झालेले नसते. खंड 10 सेकंदांच्या आत संपून श्वास आपोआप सुरू होत असेल आणि बाळाचा रंग बदलत नसेल, तर सहसा काळजीचे कारण नसते. श्वास मोजायचे असतील तर ती शांत झोपलेली असताना पूर्ण एक मिनिट मोजा. लय अनियमित असल्याने दहा सेकंद मोजून सहाने गुणले, तर आकडा फसवा येतो. मिनिटाला 40 ते 60 श्वास सर्वसाधारण समजले जातात. मात्र खंड 20 सेकंदांपर्यंत लांबला, ओठ किंवा जीभ निळी पडली, प्रत्येक श्वासाला बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाऊ लागला, किंवा अंगात 38 अंश सेल्सिअस वा अधिक ताप असला, तर रात्र असली तरी थांबू नका.

प्रतिसाद 2:
दचकणे ही उपजत प्रतिक्रिया असून ती साधारण चार ते सहा महिन्यांत मावळते. शिंका आणि उचक्यांचेही काही मनावर घेऊ नका. हात थरथरत असेल तर तो अलगद धरून पाहा: साधी थरथर धरताच थांबते, झटका थांबत नाही. मला स्वतःला सर्वाधिक भीती वाटली ती मुलीच्या लंगोटात पाचव्या दिवशी रक्ताचा लहानसा डाग दिसला तेव्हा. गर्भात आईकडून मिळालेली संप्रेरके जन्मानंतर एकदम कमी झाल्याने असे होते, हे मला आधी कोणी सांगितले असते, तर ती रात्र रडण्यात गेली नसती.

प्रश्नकर्ती:
आत्ताच पूर्ण मिनिट मोजले. 46 श्वास भरले आणि सर्वांत मोठा खंड सात सेकंदांचा होता. ओठ गुलाबी आहेत. मोबाईलवर चित्रफीत घेऊन ठेवली आहे, ती पुढच्या तपासणीत बालरोगतज्ज्ञांना दाखवते.