टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये कायमचं राहायचं म्हणतोय, कुणी राहिलंय का?

गोदाकाठ_गंगाखेड:
रामराम मंडळी. मार्चमध्ये रिटायर झालो. पोरगं पुण्यात, पोरगी हैदराबादला. घरात आम्ही दोघं न् सहा खोल्या. एक जुनी सतरा सीटर ट्रॅव्हलर मिळायलीय. सीटा काढून पलंग-ओटा बसवायचा, घर भाड्यानं द्यायचं न् गाडीतच राहायचं असं डोक्यात आहे. व्हिडिओत सगळं झ्याक दिसतं, पण आपल्याकडच्या मे महिन्यात जमतं का? एसी बॅटरीवर चालतो का?

लातूरची_माई:
दादा, आम्ही चौदा महिन्यांपासून गाडीत आहोत. मी नर्स होते, आमचे हे एसटीच्या वर्कशॉपला. त्यामुळं यांना वाटलं, सगळं आपणच ठोकू. तिथंच पहिला घोळ झाला. ओटा, पलंग बसवून झाल्यावर कळलं की मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार असे बदल परस्पर करता येत नाहीत. मोटर कॅरव्हॅनसाठी एआयएस-124 हे वेगळं मानक आहे. पासिंगला गाडी परत पाठवली, अर्धं फर्निचर उचकटावं लागलं. आधी आरटीओत विचारा, मग सुताराकडं जा. नाहीतर अपघात झाला तर विमावालेही हात वर करतील.

आता एसीचं. एक टनाचा एसी तासाला साधारण एक युनिट खातो. 12 व्होल्ट 100 अँपिअर-अवरच्या लिथियम बॅटरीत सगळी मिळून सव्वा युनिट वीज असते. म्हणजे तासभर गारवा न् मग रात्रभर पंखाही नाही. लेड-ॲसिड घेतली तर निम्मीच वापरायची, नाहीतर लवकर मरते. आम्ही एसीचा नाद सोडला. छताच्या पत्र्याला आतून जाड इन्सुलेशन केलं न् 12 व्होल्टचे दोन पंखे लावले.

पण खरी गंमत पुढंच आहे. सावलीत गाडी लावली की सोलर झोपतं, उन्हात लावली की आपण भाजतो! पहिला महिना आम्ही दोघं यावरूनच भांडलो. शेवटी एक पॅनल छतावरून काढलं, त्याला दहा मीटर जाड वायर जोडली (बारीक वायरीत वीज वाटेतच जिरते). आता गाडी लिंबाखाली न् पॅनल बाहेर उन्हात, वाळवणासारखं.

पाण्याचं म्हणाल तर 2016 ला मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यालेली बाई आहे मी, तांब्या-दोन तांब्यांत अंघोळ मला शिकवायची गरज नाही. दोघांना दिवसाला चाळीस लिटर पुरतं. यांनी हौसेनं तीनशे लिटरची टाकी टाकली. तीनशे लिटर म्हणजे तीनशे किलो, तेही मागच्या चाकावर. चढाला गाडी रडायची. आता दीडशेचीच आहे, दर तीन दिवसांनी भरतो. पंपावर डिझेल टाकलं की पाण्याला कुणी नाही म्हणत नाही, पण आधी विचारायचं.

न् काळ्या रानात गाडी उभी करू नका. औशाकडं जूनच्या पहिल्या पावसात एका शेताच्या कडेला, मालकाला विचारूनच, मुक्काम केला. सकाळी मागची दोन्ही चाकं निम्मी आत. ट्रॅक्टर आला तेव्हा निघाली. तेव्हापासून मी खाली उतरून आधी माती बघते. मुरूम असेल तरच मुक्काम.

फोडणी गाडीबाहेर. आत केली तर आठवडाभर गादीला लसणाचा वास. आत गॅस ठेवणार असाल तर हवा जायला भोक खाली फरशीपाशी पाहिजे, कारण हा गॅस हवेपेक्षा जड, गळला की तळाशी साचतो.

कोपीवाला_धारूर:
माईंचं बरोबर आहे. मी ऊसतोड मजुराचा पोरगा. दिवाळी झाली की आमचं घर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढायचं ते उन्हाळ्यातच परत यायचं. आम्हाला त्याची हौस नव्हती, तुम्हाला आहे, चांगलंय. आई कितीही रात्री पोचली तरी आधी पाणी कुठंय ते बघून यायची, मगच भांडी उतरवायची. दुसरं, भाड्यानं सगळं घर देऊ नका. एक खोली कुलूप लावून ठेवा. रेशनकार्ड, बँकेची पत्रं, नोव्हेंबरचा हयातीचा दाखला, सगळ्याला पत्ता लागतो. आमचा पत्ता गावात न् माणसं कारखान्यावर, त्यात किती कागदं हुकली ते विचारू नका.

गोदाकाठ_गंगाखेड:
ताई, दादा, लई उपकार. सगळं बायकोला वाचून दाखवलं. आरटीओत सोमवारी जातो, खोलीचंही ठरलं. ती दोनच गोष्टी विचारायलीय. संडासाचं काय? न् कपडे कुठं वाळू घालायचे?

लातूरची_माई:
डब्याचा संडास येतो, दोन दिवसाला रिकामा करावा लागतो. तो पंपावरच्या नाहीतर धर्मशाळेच्या संडासात, परवानगी घेऊन. ओढ्यात नाही. हे काम यांचं, लग्नात ठरलं नव्हतं पण आता ठरलंय.
कपड्यांना गाडीच्या आरशापासून झाडापर्यंत दोरी. फक्त निघायच्या आधी सोडा. सेलूच्या पुढं आम्ही दोन किलोमीटर गेलो तेव्हा मागून मोटरसायकलवाला ओरडत आला, काका तुमचं धोतर!